उष्णतेच्या वाटा आणि गोठ्याचें छप्पर

ज्या शेतकरी बंधूंच्या दारीं दुभतें जनावर आहे, त्यांनीं हा लेख गोठ्यांत बसून वाचावा, आणि तोही वैशाखांतील दुपारीं दोनच्या सुमारास वाचावा, अशी आमची आरंभींच विनंती आहे. ज्यांस त्या वेळीं तेथें अर्धा तास बसवणार नाहीं, त्यांनीं आपलें जनावर तेथें दिवसभर कसा तग धरीत असेल याचा विचार करावा. हा विचार आम्हीं वेळेवर केला नाहीं व त्याचें मोल आम्हांस द्यावें लागलें. सबब ही लेखणी हातीं घेतली आहे.

आम्हीं महसूल खात्यांत ३० वर्षें कारकुनी केली. सेवानिवृत्त होऊन निफाड तालुक्यांतील आपल्या गांवीं येऊन राहिलों, तेव्हां प्रथम मनांत आलें तें गोठ्याचें. वडिलांच्या वेळेपासून गोठ्यावर उंसाच्या पाचटाचें छप्पर होतें. दरसाल शाकारणी करावी, उंदीर-सर्पांचें भय सोसावें, आणि पाहुण्यांपुढें ओशाळावें, याचा आम्हांस कंटाळा आला होता. सन २०२४ च्या आरंभीं तें छप्पर उतरवून नवे कोरे लोखंडी पत्रे घातले. भिंती उंच करण्याचा खर्च वाचावा म्हणून पत्रा सात फुटांवरच बसविला. गोठा चारचौघांत शोभूं लागला.

चैत्रांत घरांतून पहिली सूचना मिळाली. "अहो, पूर्वी दुपारीं आपणही त्या छपराखालीं टेकत होतों. आतां तेथें धार काढायला बसवत नाहीं," असें कुटुंबानें सांगितलें. आम्हीं उत्तर दिलें कीं, पत्रा नवा आहे, जनावरास संवय होईल. तिसऱ्या वेताची आमची म्हैस त्या वेळीं दोन्ही वेळचें मिळून आठ लिटर दूध देत असे. पंधरा दिवसांत तें पांच लिटरांवर आलें. तरीही आम्हीं पेंडीलाच दोष देत राहिलों. वैशाखांत एका लग्नास सगळे परगांवीं गेलों. सायंकाळीं परत येतों तों म्हैस दाव्याशींच पडलेली. पाण्याची बादली उपडी झालेली. डॉक्टर येण्यापूर्वींच सर्व आटोपलें होतें. डॉक्टरांनीं पत्र्याकडे एकवार पाहिलें आणि उष्माघात एवढाच शब्द उच्चारला.

त्यानंतर उष्णता म्हणजे काय, ती कशी चालते, हें समजून घेण्याचा आम्हीं उद्योग केला. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें. परंतु हा विषय आपणां सर्वांच्या रोजच्या अनुभवांतला असल्यामुळें त्यास मोठी विद्या लागत नाहीं. जें समजलें तें येथें क्रमानें मांडतों.

थंडी ही वस्तु नव्हे

पहिला नियम असा कीं, उष्णता आपण होऊन नेहमीं अधिक तापलेल्या पदार्थाकडून कमी तापलेल्या पदार्थाकडे जाते. उलट जात नाहीं. "थंडी आंत शिरली" असें आपण म्हणतों, परंतु थंडी नांवाची कोणतीही वस्तु जगांत नाहीं. घरांतील ऊब बाहेर गेली, एवढेंच खरें. तेव्हां शेतकऱ्यानें प्रत्येक वेळीं दोनच प्रश्न विचारावयाचे: उष्णता कोठून कोठें चालली आहे, व कोणत्या वाटेनें चालली आहे? वाट कळली म्हणजे ती अडवावयाची कीं मोकळी करावयाची हें आपल्या हातीं असतें. अशा वाटा तीन आहेत.

पहिली वाट: वहन

पौषांतील पहांटे अंगणांत पडलेली कुदळ उचला. लोखंडी पातें हातास झोंबतें. लांकडी दांडा तितका गार लागत नाहीं. वस्तुतः दोन्ही रात्रभर एकाच अंगणांत होतीं आणि उष्णतामापक लावून पाहिल्यास दोहोंचें तापमान जवळजवळ सारखेंच भरतें. मग भेद कशाचा? भेद आपल्या हातच्या उष्णतेचा आहे. लोखंड ती भराभर ओढून आपल्या सर्व अंगांत पसरवितें. लांकूड जेथल्या तेथें थोडीशी घेतें आणि थांबतें. पदार्थाच्या कणाकडून शेजारच्या कणाकडे उष्णतेनें असें सरकत जाणें यास वहन म्हणतात.

ह्या कामीं पदार्थापदार्थांत केवढें अंतर आहे पाहा. स्थिर हवेच्या वहनशक्तीचा अंक १ धरिला, तर लांकडाचा सुमारें ६, पाण्याचा २४, काचेचा ४०, लोखंडाचा ३,००० आणि तांब्याचा १५,००० इतका येतो. म्हणजे कोंडून धरलेली, हलूं न दिलेली हवा हें शेतकऱ्यास फुकट मिळणारें सर्वांत उत्तम पांघरूण होय. घोंगडी स्वतः उबदार नसते. तिच्या लोंकरींत अडकलेली हवा आपल्या अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. ज्यांस हें पटत नसेल त्यांनीं बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्यावे, एक उघडा ठेवावा व एक घोंगडींत गुंडाळावा. घोंगडींतला मागाहून वितळतो. तीच घोंगडी येथें बाहेरची उष्णता आंत येऊं देत नाहीं.

पाचटाचें वीतभर जाडीचें छप्पर हीही एक घोंगडीच होती. तिच्यांत काड्या थोड्या व हवा फार होती. ती काढून आम्हीं तिच्या जागीं वहनांत ३,००० अंकाचा, तोही नखाएवढ्या जाडीचा पदार्थ घातला.

दुसरी वाट: अभिसरण

हवा पांघरुणाचें काम करते तें ती स्थिर असेल तोंवरच. मोकळी सुटली कीं तीच हवा उष्णतेची हमाली करूं लागते. तापलेली हवा पसरते, हलकी होते व वर चढते; तिची जागा घेण्यास खालून गार, जड हवा येते. चुलीवरच्या पाण्यांतही हेंच चालतें. ह्यास अभिसरण म्हणतात.

आमच्या लासलगांव भागांतील कांदाचाळ हा अभिसरणाचा उत्तम दाखला आहे. कांदा साठवणींतही जिवंत असतो. तो श्वास घेतो व त्या क्रियेंत थोडी थोडी उष्णता बाहेर टाकतो. जमिनीवर मोठा ढीग घातल्यास मधल्या कांद्यांची उष्णता बाहेर येण्यास वाट मिळत नाहीं. ढीग आंतून तापतो, दमट होतो व सडूं लागतो. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असावा, रुंदी चार फुटांच्या जवळपास असावी आणि कांद्याचा थर पांच फुटांहून उंच नसावा. खालून गार हवा शिरते, कांद्यांमधून तापत वर जाते व जातांना ओलही घेऊन जाते. पावसाच्या भयानें पुष्कळ लोक खालची पोकळी पोतीं घालून बुजवितात. ओल येऊं नये म्हणून केलेला हा उपाय ओल आंत कोंडून ठेवतो, हें ध्यानांत ठेवावें.

ह्याच वाटेचा दुसरा दाखला आमच्या जुन्या दप्तरांतला आहे. थंडीनें करपलेल्या पिकांचे पंचनामे आमच्या हातून पुष्कळ झाले. नाल्याकांठच्या सखल तुकड्यांतील बाग काळवंडलेली आणि बांधापलीकडे पुरुष-दोन पुरुष उंचीवरची बाग हिरवी, असें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, दोन्हींचे गट नंबर लिहिले, टक्केवारी मांडली आणि सह्या घेतल्या. परंतु असें कां झालें हा प्रश्न कधीं विचारला नाहीं. उत्तर सोपें होतें. रात्रीं गार झालेली हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारानें वाहत जाऊन सखल जागीं सांचते. वाटेंत दाट कुंपण अगर उंच बांध असला तर त्याच्या वरच्या अंगास ती तुंबते. द्राक्षाची नवी बाग लावतांना पाण्याची सोय जशी पाहतों, तशी ही गार हवेची वाटही पाहावी.

तिसरी वाट: प्रारण

पहिल्या दोन वाटांस काहींतरी पदार्थ लागतो. तिसऱ्या वाटेस तोही लागत नाहीं. सूर्य आपल्यापासून सुमारें १५ कोटी किलोमीटर दूर आहे, मध्यें बहुतेक सर्व पोकळी आहे, तरी त्याची उष्णता येथें पोहोंचते. शेकोटीपुढें बसलें असतां छाती भाजते व पाठ गारठते, तीही ह्याच वाटेनें. प्रत्येक पदार्थ आपल्या अंगांतून अशी उष्णता सारखी बाहेर टाकीत असतो; जितका तापलेला तितकी अधिक. हें प्रारण होय.

प्रारणाची खरी गंमत रात्रीं दिसते, आणि तिचा एक जुना दाखला आपल्याच देशांतला आहे. रॉबर्ट बार्कर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें अलाहाबाद, म्हणजे हल्लींचें प्रयागराज, येथें बर्फ तयार करण्याची रीत पाहिली व तिची हकीकत सन १७७५ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथांत छापून आली. सुमारें ३० फूट चौरस व २ फूट खोल खड्डे घेत. त्यांत वाळलेल्या उंसाचा अगर मक्याच्या ताटांचा जाड थर पसरीत. त्यावर झिलई न केलेलीं उथळ मातीचीं भांडीं मांडून त्यांत उकळून निवविलेलें पाणी सायंकाळीं ओतीत, आणि निरभ्र, निवांत रात्र असली म्हणजे पहांटे भांड्यांतून बर्फ उचलीत. त्या प्रांतांत डबक्यांतलें पाणी आपोआप गोठत नसे.

हें कसें होई? खालच्या काड्यांच्या थरानें जमिनीची ऊब भांड्यापर्यंत येऊं दिली नाहीं. म्हणजे वहन अडलें. खड्ड्यांत वारा नाहीं, म्हणून भोंवतालच्या हवेचीही ऊब फारशी मिळाली नाहीं, अभिसरण अडलें. सच्छिद्र भांड्यांतून झिरपलेलें थोडें पाणी वाळतां वाळतां आणखी उष्णता घेऊन गेलें. आणि वरची बाजू मात्र मोकळ्या आकाशाकडे उघडी होती. निरभ्र आकाश हें पाण्यापेक्षां फारच थंड असतें. तिकडे पाणी आपली उष्णता प्रारणानें देत राहिलें आणि परत मात्र थोडीच मिळाली. दोन वाटा बंद, तिसरी उघडी, एवढीच ती कला होती.

ह्या कोड्याचा उलगडा करणाऱ्यांत लंडनचा डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स प्रमुख होय. त्यानें रात्रीं बागेंत लोंकरीचे सारख्या वजनाचे पुंजके ठेवून कोणावर किती दंव पडतें तें मोजलें. आकाशाकडे उघड्या असलेल्या पुंजक्यावर दंव फार व फळीच्या आडोशाखालच्या पुंजक्यावर थोडें, असें आढळलें. दंवावरील त्याचा निबंध सन १८१४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें प्रांजळपणें कबूल केलें आहे कीं, माळी लोक कोंवळ्या रोपांवर पातळ चटई घालीत तें पाहून आपण अर्धवट ज्ञानाच्या घमेंडींत पूर्वी हंसत होतों. एवढीशी चटई हवेचा गारठा काय थोपविणार, असें त्यास वाटे. चटई गारठा थोपवीत नव्हतीच. ती रोप व आकाश यांच्यामध्यें उभी राहून रोपाची ऊब वर निसटूं देत नव्हती. हें वाचतांना आम्हांस आमचें पाचट आठवलें. आम्हीही असेच हंसलों होतों.

आमच्या तालुक्यांत कडाक्याच्या थंडींत द्राक्षाच्या पानांवर दंव गोठतें, कोंवळे शेंडे करपतात, मणी तडकतात. त्या रात्रीही अशाच निरभ्र व निर्वात असतात. ढगाळ रात्रीं ढगांचें पांघरूण असल्यामुळें भय कमी. वरील विवेचनावरून ह्या प्रसंगाचे उपाय सहज निघतात. बागेवर आडवें पातळ जाळीचें आच्छादन असल्यास तें वेल्सच्या चटईचें काम करतें. जमीन आदल्या दिवशींच भिजवून ठेवावी. ओली जमीन दिवसाची ऊब अधिक सांठविते व रात्रीं खालून वर सोडते. कोरड्या पाचटाचें आच्छादन अशा वेळीं जमिनीची ऊब जमिनींतच कोंडतें, म्हणून मुळांस तें हितकर असलें तरी वरच्या शेंड्यांस उपयोगी पडत नाहीं. विहिरीचें पाणी पहांटे कोमट असतें, तें देणेंही हिताचें. शेकोट्या करावयाच्या त्या लहान व पुष्कळ कराव्या. एका मोठ्या जाळाची हवा सरळ वर निघून जाते. आणखी एक भ्रम दूर व्हावयास हवा. बागेस वांचविते ती शेकोटीची उष्णता, धूर नव्हे. रात्रीं निसटणारी उष्णता धुरांतून बहुतेक आरपार जाते. टायर जाळून धूर करण्यानें बाग वांचत नाहीं व माणसांची छाती मात्र बिघडते.

म्हैस कां गेली

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. गुराच्या शरीराचें तापमान ३८ ते ३९ अंश असतें. चारा पचवितांना व दूध करतांना त्याच्या अंगांत सारखी उष्णता निर्माण होते व ती बाहेर गेलीच पाहिजे. हवा २५ अंश असेल तर तिन्ही वाटा मोकळ्या असतात. परंतु हवा ४० अंशांवर गेली म्हणजे पहिल्या दोन वाटांनीं उष्णता उलट आंत येऊं लागते. तिसरी वाट प्रारणाची. भर उन्हांत पत्रा सहज ६० अंशांच्या पुढें तापतो, आणि तो म्हशीच्या पाठीपासून दोन-अडीच फुटांवर! ती बिचारी सावलींत नव्हती. एका अदृश्य शेकोटीखालीं बांधलेली होती.

अशा वेळीं शरीरास एकच उपाय उरतो, तो म्हणजे पाणी वाळविणें. स्कॉटलंडांतील शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यानें १७६० च्या सुमारास दाखवून दिलें कीं, पाण्याची वाफ होतांना तें पुष्कळ उष्णता गुप्तपणें घेऊन जातें. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास जी उष्णता लागते तिला एक माप म्हटलें, तर एक लिटर पाणी अंगावरून वाळतांना सुमारें ५८० मापें घेऊन जातें. म्हणजे तेवढ्या उष्णतेनें ५८ लिटर पाणी १० अंशांनीं तापेल. मातीचा माठ झिरपून गार होतो तो ह्याच कारणानें. परंतु म्हशीस घाम फार थोडा येतो, आणि कातडी काळी असल्यामुळें उन्हाची उष्णता ती अधिक शोषते. डबक्यांत लोळणें हा तिचा छंद नव्हे, ती तिची गरज आहे. आमच्या म्हशीस त्या दिवशीं डबकें नव्हतें, वारा नव्हता आणि प्यावयास पाणीही उरलें नव्हतें. चारी दारें आम्हींच लावून गेलों होतों.

काय करावें

पत्रे काढून टाका, असें आम्ही म्हणत नाहीं. पावसाळ्यांत त्यांचा उपयोग मोठा आहे. मात्र पुढील गोष्टी कराव्या.

पत्र्याच्या बाहेरच्या अंगास उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा दाट हात द्यावा. पांढरा रंग सूर्यप्रकाश परतवितो व स्वतःची उष्णता मोकळेपणीं बाहेर टाकतो. नवा पत्रा चकाकतो म्हणून थंड राहील हा भ्रम होय. तो मळला, गंजला कीं अधिकच तापतो.

पत्र्यावर उन्हाळ्यापुरता पाचटाचा अगर गवताचा वीतभर थर बांधून टाकावा. आगीचें भय खरें आहे. म्हणून चूल, विडी व विजेच्या उघड्या तारा यांपासून तो दूर ठेवावा.

नवीन गोठा बांधणाऱ्यांनीं पत्रा दहा-बारा फुटांच्या खालीं बसवूं नये आणि माथ्यावर फट ठेवावी, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल. बाजूच्या भिंती कमरेएवढ्या पुरेत. वारा आरपार गेला पाहिजे.

कोरड्या हवेच्या दिवसांत जनावराच्या अंगावर दुपारीं दोन-तीन वेळां पाणी मारावें, परंतु वारा खेळता असेल तरच. कोंदट गोठ्यांत पाणी मारल्यास तें वाळत नाहीं, नुसता दमटपणा वाढतो. पिण्याचें पाणी उपडें होणार नाहीं अशा हौदांत व सावलींत असावें.

आणि ज्यास कांहींच करणें शक्य नसेल त्यानें भर दुपारीं जनावर लिंबाखालीं बांधावें. झाडाचीं पानें सतत पाणी वाळवीत असल्यामुळें पत्र्यासारखीं तापत नाहींत. शिवाय सर्व बाजूंनीं वारा असतो. पत्र्याची सावली व झाडाची सावली डोळ्यांस सारखी दिसते, जनावराच्या पाठीस नव्हे.

आम्हीं गेल्या साली पत्रे उतरवून भिंतीवर खांब चढविले, अकरा फुटांवर पुन्हां तेच पत्रे बसविले, चुना दिला व वर पाचट घातलें. दावणीस आतां एक गाय व गेलेल्या म्हशीची पारडी आहे. वैशाखांत दुपारीं पत्र्याला खालून काठी टेकवून तिच्या शेंड्याशीं हात नेऊन पाहतों; पूर्वीसारखी धग खालीं येत नाहीं. घरांतून आतां तक्रार नाहीं; उलट दुपारची निवडणी-टिपणी पुन्हां गोठ्याच्या पडवींत होऊं लागली आहे. छपराची परीक्षा करण्यास ह्याहून चांगला उष्णतामापक आमच्या पाहण्यांत नाहीं.

असो. पंचनाम्यांत नुकसानीचा आंकडा मांडतां येतो, परंतु तो मांडण्याची वेळ येऊं न देणें हें शेतकऱ्याचें काम आहे. उष्णतेच्या ह्या वाटा कोणास चुकविल्या चुकत नाहींत. मात्र त्या कोणत्या, हें ज्यास ठाऊक आहे त्यास त्यांवर दार बसवितां येतें. आमच्या वाचक बंधूंनीं ह्या वैशाखापूर्वी आपापल्या गोठ्यांत एकदां वर मान करून पाहावें, एवढेंच मागणें आहे.